गाडी शरीराचीच, पण भाडं कोण भरणार?

मावशीच्या केमोच्या चौथ्या फेरीच्या आदल्या रात्री आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. लालसर नळीतून पिवळे गोळे तरंगत चाललेत, कॅन्सरची पेशी त्यातला एक गिळते आणि फुग्यासारखी फुटते. खाली मजकूर : ‘शरीराच्याच चरबीतून औषध! नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. डॉक्टर हे सांगणार नाहीत.’ मामांनी लगेच हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्यांच्याच मुलाने, जो औषध कंपनीत विक्री सांभाळतो, उत्तर ठोकलं, “चाळीस वर्षं हेच ऐकतोय. खरं असतं तर कधीच बाजारात आलं असतं.” मग रात्री साडेबारापर्यंत बापलेकांचा सामना रंगला. एकीकडून निसर्ग विरुद्ध केमिकल, दुसरीकडून विज्ञान विरुद्ध भंपकपणा. बाकीचे अंगठे दाखवत बसले. सकाळी रिक्षात मावशीने मला विचारलं, “अगं, म्हणजे मी चुकीचं औषध घेतेय का?” हा प्रश्न रात्रभर भांडणाऱ्यांपैकी कुणालाच पडला नव्हता.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते, त्यामुळे अशा वेळी घरात मलाच पंच करतात. माझं म्हणणं असं, की दोघेही भलत्याच प्रश्नावर भांडत होते. रक्तातल्या मेदवाहक कणांतून कॅन्सरचं औषध पाठवायची कल्पना खरी आहे, जुनी आहे, आणि तिच्यासाठी आपल्याकडे सरकारी पैसा लागायला हवा. पण ती नैसर्गिक आहे म्हणून नाही, आणि तिने कॅन्सर बरा होईल म्हणून तर नाहीच. जुन्या, स्वस्त, पेटंट संपलेल्या औषधांचा त्रास कमी करण्याची तिच्यात शक्यता आहे, आणि त्या शक्यतेची तड लावण्यात कुठल्याही कंपनीला पुरेसा नफा नाही. माझं कारण एवढंच.

आधी तो पिवळा गोळा काय आहे ते बघू. तेल पाण्यात मिसळत नाही आणि रक्त म्हणजे बरंचसं पाणीच. मग चरबी अवयवांपर्यंत पोचवायची कशी? शरीर तिच्या पुड्या बांधतं. रक्ताच्या रिपोर्टवर ज्याच्यापुढे वर जाणारा बाण दिसला की आपण साबुदाणा वडा अर्ध्यावर सोडतो, तो एलडीएल, म्हणजे ‘वाईट कोलेस्टेरॉल’, ही त्यातलीच एक पुडी. जाडी साधारण २२ नॅनोमीटर, म्हणजे एक मिलिमीटरच्या रेघेवर शेजारी शेजारी मांडल्या तर ४५ हजार पुड्या मावतील. आत मेदाम्लाला जोडलेले कोलेस्टेरॉलचे सुमारे दीड हजार रेणू ठासून भरलेले, वर फॉस्फोलिपिडचं एकपदरी वेष्टन, आणि त्यावरून ४,५३६ अमिनो आम्लांचं एकच लांबलचक प्रथिन सुतळीसारखं गुंडाळलेलं. त्याचं नाव अपोबी. पुडीवरचा पत्ता तो हाच. ज्या पेशीच्या दारात हा पत्ता वाचणारा ग्राही असतो, ती पेशी पुडी अख्खीच आत ओढते आणि आत नेऊन फोडते. डॅलसचे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७०च्या दशकात हा ग्राही शोधला. त्यांना १९८५चं नोबेल मिळालं ते कोलेस्टेरॉलच्या या कामासाठी. हृदयविकारवाल्यांनी तो शोध उचलून धरला, कॅन्सरवाल्यांच्या वाट्याचा तुकडा मात्र टेबलावरच राहिला.

तो तुकडा असा. १९७८मध्ये डॅलसच्याच गटाला दिसलं, की तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी निरोगी पांढऱ्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त एलडीएल ओढतात. कारण सरळ आहे. भराभर दुप्पट होणाऱ्या पेशीला दर वेळी नवं आवरण विणावं लागतं आणि आवरणाला कोलेस्टेरॉल लागतं. स्टॉकहोमच्या संशोधकांनी १९८५मध्ये उलट बाजूनेही तपासलं. ल्युकेमियाच्या रुग्णांचं कोलेस्टेरॉल खाली का जातं? तर ते गाठोडंच्या गाठोडं कॅन्सरच्या पेशी उचलतात म्हणून. मग या पुडीत विष भरलं तर? भुकेला चोर घरात शिरून लाडूच उचलणार हे ठाऊक असेल, तर लाडवातच औषध घालायचं. पॉल एर्लिखने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘जादूची गोळी’ म्हणून जे स्वप्न पाहिलं, त्याची याहून नेटकी मांडणी सापडणं अवघड. तेव्हा मामांच्या व्हिडिओचा पाया खोटा नव्हता, हे आधी मान्य करते. मामेभावाने तो थोतांड म्हणून उडवून लावला तिथे तो चुकला.

पण व्हिडिओत यकृत दाखवलं नव्हतं. एलडीएल म्हणजे आपली एसटी समजा. ती फलाट असेल तिथे थांबते, आणि सगळ्यात मोठा डेपो यकृतात आहे. रक्तातून निघून जाणाऱ्या एलडीएलपैकी साधारण सत्तर टक्के तिथेच उतरतो. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना हार्मोन बनवायला कोलेस्टेरॉल हवं असतं, म्हणून आकाराच्या मानाने त्यांचीही मागणी दांडगी. कॅन्सरची गाठ हा वाटेवरचा एक थांबा, कधी मोठा, कधी नावापुरता, कारण सगळ्या गाठी सारख्या खादाड नसतात. ‘साइड इफेक्ट शून्य’ हे वाक्य इथेच कोसळतं. गाडी शरीराची आहे म्हणून प्रवासी हव्या त्याच थांब्यावर उतरेल, असं कुणी सांगितलं?

आता ‘नैसर्गिक’ या शब्दाकडे येते, कारण मामांचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. त्या दिवशी डे-केअरमध्ये मावशीला पॅक्लिटॅक्सेल चढवायच्या आधी डेक्सामेथासोन दिलं, ॲव्हिल दिलं, आम्लपित्ताचं इंजेक्शन दिलं. मग बाटली लागली आणि सिस्टर स्टूल ओढून शेजारी बसली. पहिली पंधरा मिनिटं ती मावशीच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नाही. लाली येतेय का, छाती भरून येतेय का. नळीसुद्धा वेगळी असते, कारण साध्या पीव्हीसीच्या नळीतलं प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन या द्रावणात उतरतं. ही धास्ती औषधापेक्षा जास्त, ते ज्यात विरघळवलंय त्या द्रावकाची. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून दर ६ मिलिग्रॅम औषधामागे ५२७ मिलिग्रॅम द्रावक आणि वर अल्कोहोल. तीन आठवड्यांच्या एका डोसात जवळपास पाच चमचे द्रावक शिरेतून जातं. आणि ते कशापासून करतात? एरंडेलापासून. मी हे सांगितलं तेव्हा मावशी त्या बाटलीकडे बघत म्हणाली, “एरंडेल? आमची आई नाक दाबून पाजायची. हे बरंय, चव तरी लागत नाही.”

तर हिशेब मांडा. औषध यू नावाच्या झाडाच्या सालीतून सापडलेलं, म्हणजे नैसर्गिक. द्रावक एरंडाच्या बियांतून आलेला, तोही मूळचा नैसर्गिक. आणि या दोन निसर्गपुत्रांच्या जोडीला शिरेत सोडायचं तर आधी स्टिरॉइड द्यावं लागतं. अंगणातल्या सदाफुलीतून आलेलं व्हिन्क्रिस्टिन शिरेतून दिलं तर लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर आटोक्यात आणतं, चुकून मणक्यात गेलं तर जीव घेतं. फूल तेच. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात कॅम्प्टोथेसिन आहे. त्यापासून निघालेली औषधं आतड्याच्या कॅन्सरवर वापरतात आणि ती असा जुलाब लावतात की रुग्ण हैराण होतो. कॅम्प्टोथेसिन आणि पॅक्लिटॅक्सेल या दोन्हींचा शोध ज्या जोडीच्या नावावर आहे, त्यातले मनसुख वाणी नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकले आणि पुढे अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९६६ आणि १९७१मध्ये ही दोन्ही रसायनं जगापुढे आणली. आमच्या ग्रुपवर रोज कुठल्या ना कुठल्या मराठी माणसाचा अभिमान बाळगला जातो, पण ज्याच्या शोधामुळे मावशी त्या खुर्चीत बसली होती त्याचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं. असो, ते विषयांतर झालं.

बरं, ‘कृत्रिम’ तरी कितपत कृत्रिम राहतं? २०१८मध्ये अमेरिकेत पॅटिसिरान नावाचं औषध मंजूर झालं. नसांच्या एका आनुवंशिक विकारावर यकृतातलं सदोष प्रथिन बनणंच बंद करणारा आरएनएचा तुकडा, प्रयोगशाळेत बांधलेल्या मेदाच्या पुडीत. त्या पुडीवर पत्ता नसतो. ती रक्तात शिरते, आणि रक्तातलंच अपोई नावाचं प्रथिन तिच्यावर येऊन चिकटतं. मग यकृताच्या पेशीला ती घरचीच पुडी वाटते आणि दार उघडतं. म्हणजे कारखान्यातला माल रक्तात उतरताच नैसर्गिक वेष चढवतो. उलट एलडीएलमध्ये औषध कोंबलं की तो पहिल्यासारखा नैसर्गिक राहत नाही. वेष्टन बिघडलं तर यकृतातल्या सफाई पेशी त्याला कचरा समजून उचलतात. कुठली बाजू नैसर्गिक आणि कुठली नाही, यावर साडेबारापर्यंत भांडण्यात काय अर्थ आहे?

आता मामेभावाचा मुद्दा. तो जास्त वजनदार आहे. १९७८पासून आज पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली, आणि एलडीएलमध्ये भरलेलं कॅन्सरचं एकही औषध दुकानात नाही. हे खरं आहे आणि ते झाकायचं कारण नाही. पण उशीर म्हणजे अपयश हे समीकरण औषधांच्या इतिहासात टिकत नाही. लायपोसोम म्हणजे मेदाचे दुपदरी बुडबुडे, केंब्रिजजवळ ॲलेक बँगहॅम यांना १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात दिसले, आणि त्यात भरलेलं पहिलं कॅन्सरचं औषध, डॉक्सिल, मंजूर झालं १९९५मध्ये. एकाच साच्याची प्रतिपिंडं करायची रीत १९७५ची आहे, अमेरिकेत कॅन्सरवरची त्यातली पहिली, रितुक्सिमॅब, आली १९९७मध्ये. वीस-तीस वर्षं वाट पाहणं ही या धंद्यातली रीतच. आता पंचेचाळीस हा आकडा तीसपेक्षा मोठा आहे, हे मामेभाऊ म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. मग अडलं कुठे?

अडलं ते त्या सुतळीपाशी. अपोबी इतकं अजस्र प्रथिन आहे की जंतूंकडून किंवा पेशींकडून ते घाऊक बनवून घेणं आजवर व्यवहारात बसलेलं नाही. मग उरतं माणसाचं रक्त. दात्याचा प्लाझ्मा घ्यायचा, अल्ट्रासेंट्रिफ्यूज नावाच्या प्रचंड वेगाच्या यंत्रात तासन्‌तास फिरवायचा, तरंगून आलेला एलडीएल काढायचा, त्यात औषध भरायचं, तो खवट होऊ द्यायचा नाही, आणि दर खेपेला माल सारखाच निघाला हे औषध नियंत्रकाला सिद्ध करून द्यायचं. एका प्रयोगाला जमतं, दहा हजार बाटल्यांना नाही. शिवाय हवं ते औषध या पुडीत बसतही नाही. डॉक्सोरुबिसिनसारखं, ज्याला रुग्ण ‘लाल औषध’ म्हणतात ते, वरवर चिकटतं आणि वाटेतच सुटतं. पॅक्लिटॅक्सेलसुद्धा तेलात नीट मुरत नाही, त्याला आधी मेदाम्लाची शेपटी जोडावी लागते. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांत कारस्थान कुठेही नाही. ‘कंपन्यांनी दाबून ठेवलं’ म्हणणाऱ्यांनी एकदा अल्ट्रासेंट्रिफ्यूजशेजारी रात्र काढावी.

साव पाउलोच्या विद्यापीठात राउल मारान्याओ यांनी या अडचणीला वळसा घातला. एलडीएल मिळवायचाच नाही. फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉलपासून त्याच आकारमानाच्या आसपासचा प्रथिनाविना कण घडवायचा आणि रक्तात सोडायचा. अपोई येऊन चिकटतं आणि एलडीएलचाच ग्राही त्याला आत घेतो. १९९४मध्ये त्यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांत हा कण किती वेगाने उचलला जातो ते दाखवलं, पुढे शेपटी जोडलेलं पॅक्लिटॅक्सेल आणि इतर औषधं त्यात भरून रुग्णांना दिली. त्रास बराच कमी दिसला. पण रुग्ण मोजके होते, आणि बहुतेक असे की ज्यांचे बाकी उपाय संपले होते. त्रास कमी झाला याला पुरावा म्हणता येईल, आयुष्य वाढलं याला नाही. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त सतावतं ते इथे : एका सार्वजनिक विद्यापीठातून दाराशी येऊन थांबलेली गोष्ट, आणि आत घेऊन मोठ्या चाचणीत तपासणारं कुणी नाही.

मोठी चाचणी का हवी, हे याच कुटुंबातल्या दुसऱ्या कणाच्या गोष्टीवरून सांगते. इटलीत गार्दा सरोवराकाठी लिमोने नावाचं गाव आहे. तिथला एक रेल्वे कर्मचारी मिलानच्या डॉक्टरांकडे गेला. त्याचा एचडीएल, म्हणजे ‘चांगलं कोलेस्टेरॉल’, धक्का बसावा इतका कमी होता, पण हृदयरोगाचा पत्ता नाही. सेझारे सिर्तोरी आणि सहकाऱ्यांनी गावच तपासलं. जवळपास चाळीस माणसांत एचडीएलच्या प्रथिनातला तोच एक बदल निघाला, आणि ते सगळे अठराव्या शतकातल्या एकाच जोडप्याचे वंशज. प्रथिनाचं नाव पडलं अपो-ए-वन मिलानो. ते प्रयोगशाळेत बनवून पाच आठवडे शिरेतून दिल्यावर हृदयाच्या धमनीतला थर कमी झाला, असं २००३मध्ये ४७ रुग्णांच्या चाचणीत दिसलं, आणि वर्ष संपायच्या आत फायझरने ते बनवणारी छोटी कंपनी साधारण १३० कोटी डॉलरना विकत घेत असल्याचं जाहीर केलं. गाव, सरोवर, पूर्वज, चमत्कार, सगळं होतं. मग औषध फडताळात गेलं, पुढे दुसऱ्या कंपनीकडे गेलं, आणि २०१६मध्ये नव्या चाचणीत फायदा दिसला नाही म्हणून गुंडाळलं गेलं. माणसांच्या प्लाझ्मातून काढलेल्या साध्या अपो-ए-वनची मोठी चाचणी त्यानंतर झाली : १८ हजारांवर हृदयरुग्ण, निकाल २०२४मध्ये, मुख्य उद्दिष्ट हुकलं.

या गोष्टीचे दोन अर्थ निघतात आणि मला दोन्ही हवेत. पहिला मामांसाठी : निसर्गाने सुचवलेली कितीही देखणी गोष्ट १८ हजार माणसांपुढे हरू शकते. दुसरा मामेभावासाठी : मेदवाहक प्रथिन प्लाझ्मातून कारखान्याच्या प्रमाणावर काढणं, बाटल्या भरणं, हजारो लोकांना आठवड्यामागून आठवडे देणं आणि मोठा अपाय न होणं, हे सगळं जमलेलं आहे. एचडीएलचं प्रथिन अपोबीइतकं अवाढव्य नाही. हृदयासाठी ते हरलं, पण औषध वाहायला त्याला अजून त्या मापाने कुणी जुंपलेलंच नाही.

समजा जुंपलं, तर मिळेल काय? वाहनं बदलून आजवर काय मिळालं ते बघा. डॉक्सिलने स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा रोग जास्त काळ रोखला नाही, बरोबरी केली. पण हृदयावरचा घाला खूप कमी केला, आणि बदल्यात तळहात-तळपाय सोलवटून काढले. पॅक्लिटॅक्सेल रक्तातल्याच अल्ब्युमिन प्रथिनावर बसवून २००५मध्ये अब्रॅक्झेन आलं. एरंडेल गेलं, स्टिरॉइड गेलं, तीन तासांची बाटली अर्ध्या तासावर आली, गाठ आक्रसलेल्या रुग्णांचं प्रमाण १९ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेलं. बोटांचा बधिरपणा मात्र त्या चाचणीत वाढलेलाच दिसला. डोसही मोठा होता. आणि टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६मध्ये दहा वर्षांचे प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडले तेव्हा निघालं, की टोचलेल्या सूक्ष्म कणांपैकी गाठीपर्यंत मधल्या अंदाजाने ०.७ टक्केच पोचतात. व्हिडिओतला तो एक गोळा पेशीत शिरताना दिसतो, उरलेले नव्व्याण्णव कुठे गेले हे कुणी काढून दाखवत नाही. तेव्हा माझी अपेक्षा माफक आहे. कमी वांत्या, कमी स्टिरॉइड, बोटांना कमी मुंग्या. मावशीला हल्ली ब्लाऊजचे हूक लागत नाहीत, सुनेला हाक मारावी लागते. आजार मोठा असला तरी रोज सकाळी तिला लाज या गोष्टीची वाटते. ती कमी करणं हे ध्येय कुणाला क्षुल्लक वाटत असेल तर वाटो.

आता पैशाचं. मेदाचा कण स्वतः कुणाच्या मालकीचा नाही, पण त्यात औषध कसं भरलं यावर पेटंट घेता येतं, त्यामुळे ‘पेटंट मिळत नाही म्हणून दाबलं’ हे अर्धसत्य आहे. अडचण हिशेबाची आहे. औषध जुनं आणि स्वस्त, वाहन बनवायला अवघड, चाचणी मोठी लागणार, आणि जिंकलं तरी मिळणार काय, तर कमी त्रास. एवढ्यासाठी कोण पैसे लावेल? याचा सगळ्यात बोलका नमुना एका साध्या गोळीत आहे. प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचं अबिराटेरॉन मेदात विरघळतं, आणि स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तर कित्येक पटींनी जास्त शोषलं जातं. लेबल मात्र सांगतं : १,००० मिलिग्रॅम, रिकाम्या पोटी. २०१८मध्ये ७२ रुग्णांच्या चाचणीत २५० मिलिग्रॅम हलक्या नाश्त्याबरोबर देऊन पाहिलं, तर पीएसए, म्हणजे रक्तात दिसणारी या रोगाची खूण, उतरवण्यात ते पूर्ण डोसाच्या मागे पडलं नाही. चारऐवजी एक गोळी विकायला मिळावी म्हणून कुठली कंपनी हजार रुग्णांची चाचणी करेल? (आणि हे वाचून कुणी चारही गोळ्या तुपातल्या शिऱ्याबरोबर घेऊ नयेत. तो कित्येक पटींचा हिशेब मग उलट फिरतो.)

असे प्रश्न सार्वजनिक संस्थांनी हाताळायचे असतात, आणि आपल्याकडे ते जमल्याची उदाहरणं आहेत. टाटा मेमोरियलने डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब या प्रतिकारशक्तीला जागं करणाऱ्या औषधाचा नेहमीचा २४० मिलिग्रॅमचा डोस बाजूला ठेवून फक्त २० मिलिग्रॅम तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांना जोडला. वर्षभराने हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. निकाल २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. त्या औषधाच्या मालकाने ही चाचणी कधी केली असती का? परळच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेबरोबर लायपोसोममधलं ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध घडवलं आणि रुग्णांवर तपासलं. मेदाच्या पुडीत घातल्यावर तेच औषध मूत्रपिंडाला कमी जाचतं, आणि त्यातून देशी उत्पादन बाजारात आलं. २०२१मध्ये काळ्या बुरशीच्या दिवसांत महाराष्ट्रात लायपोसोमच्या एकेका इंजेक्शनसाठी लोकांनी काय वणवण केली ते आठवत असेल. वाहनाची किंमत तेव्हा सगळ्यांना कळली. आणि २०१२मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा तिथल्या नियंत्रकाने मुंबईच्या सन फार्माच्या मालाला तात्पुरती वाट दिली, पुढच्या वर्षी त्याच कंपनीचं जेनेरिक मंजूर केलं. मेदाच्या पुड्या बांधायचं कसब आपल्याला शिकवायला हवंय अशातला भाग नाही.

सगळ्यात टोकदार आक्षेप ग्रुपवर कुणी घेतलाच नाही, म्हणून मीच घेते. ज्या देशात तंबाखूने तोंडाचे कॅन्सर होतात, बाई गाठ घेऊन वर्षभर घरात बसते, आणि रेडिएशनच्या तारखेसाठी रुग्ण फुटपाथवर मुक्काम करतात, तिथे पुड्यांचे लाड कशाला? यावर माझ्याकडे हमखास खोडून काढणारं उत्तर नाही. एका हाताने निवडायचं असेल तर मी तंबाखूबंदीच निवडेन. पण पैसा तसाही जातोच आहे, आणि तो कुठे जातो हे मी रोज बघते. आमच्या क्षेत्रात ‘नॅनो’ शब्द असलेला प्रबंध मंजूर व्हायला वेळ लागत नाही. विद्यार्थी कण बनवतात, त्याचा फोटो काढतात, बशीतल्या पेशींवर टाकतात, फार तर उंदरांपर्यंत जातात. पदवी मिळते, कण फ्रीजमध्ये राहतो, पुढची मुलगी तेच दुसऱ्या औषधाने करते. मी स्वतः अशा प्रबंधांवर सह्या केल्या आहेत. त्यातले निम्मे विषय थांबवून उरलेला पैसा एका ठिकाणी ओतला, एक जुनं औषध, एक मेदाचा कण, आठ-दहा रुग्णालयं, साध्या बाटलीशी थेट तुलना, तर नवा निधी फारसा मागावा लागणार नाही. त्या चाचणीत मोजायचं ते गाठीच्या सेंटिमीटरबरोबर सहाच्या सहा फेऱ्या किती जणींनी पुऱ्या केल्या ते, आणि हूक कुणाला लावता आले ते. आणि हरलो तर तो निकालही तितक्याच ठळक छापायचा.

रिक्षात मावशीला यातलं फारसं सांगता आलं नाही. “तू घेतेयस ते बरोबर औषध आहे, त्याची गाडी जुनी आहे,” एवढंच म्हणाले. “धावते ना?” तिने विचारलं. धावते, म्हटलं. संध्याकाळी घरी पोचल्यावर ग्रुपवर चौकशांचा पाऊस होता, मामांचा आणखी एक व्हिडिओही होता. तिने चष्मा लावला, बधिर बोटांनी बराच वेळ टाइप केलं, आणि फोन माझ्यापुढे धरून शुद्धलेखन तपासायला लावलं.

“एरंडेल घेऊन आले. आई असती तर खूश झाली असती.”